रक्तसाक्षी, शहीद, हुतात्मा : सिस्टर राणी मारिया यांच्या चरित्राचे तीन भाषांतील वाचन

ख्रिस्ती संतचरित्र हा वाङ्मयप्रकार मुळात साक्षीचा आहे. ग्रीक भाषेतील 'मार्तुस' या शब्दाचा अर्थ साक्षीदार एवढाच होता. श्रद्धेची साक्ष देताना ज्यांनी प्राण गमावले त्यांना तो लावला जाऊ लागला आणि पुढे युरोपीय भाषांत त्यातील मृत्यूचा अर्थ ठळक होऊन साक्षीचा अर्थ मागे पडला. भारतीय भाषांनी या कल्पनेसाठी जे शब्द योजले त्यांतून तीन वेगळ्या दृष्टी व्यक्त होतात. मल्याळममध्ये 'रक्तसाक्षी' हा शब्द रूढ आहे. हिंदीतील 'शहीद' अरबीतून आला असून त्याचा धातूही साक्ष देण्याचाच आहे. जुन्या न्यायालयीन भाषेत 'शहादत' म्हणजे साक्ष. मराठीतील 'हुतात्मा' मात्र यज्ञाच्या परिभाषेतून घडला आहे. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. या शब्दात साक्षीला स्थान नाही.

सिस्टर राणी मारिया (१९५४–१९९५) यांच्या जीवनाचा आणि सेवाकार्याचा विचार करताना हा शब्दभेद केवळ कोशगत राहत नाही. त्यांची मातृभाषा मल्याळम, कार्यभाषा हिंदी, आणि त्यांचे चरित्र मराठीत आणावयाचे झाल्यास आपल्यापुढे पहिला शब्द येतो तो 'हुतात्मा'. या तीन शब्दांपैकी कोणता त्यांच्या जीवनाला न्याय देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. जीवन आणि कार्य

राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातील पुल्लुवळी या गावी, वट्टालिल या शेतकरी कुटुंबात झाला. बाप्तिस्म्याचे नाव मरियम. १९७२ मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मसंघात प्रवेश केला आणि १९७४ मध्ये पहिली व्रते घेतली. संत अल्फोन्सा (१९१०–१९४६) याच संघाच्या. दोघींच्या चरित्रांची तुलना उद्बोधक ठरते. अल्फोन्सा यांचे संतत्व भरणंगानम येथील मठात, दीर्घ आजारातील सोशिकतेत प्रकट झाले. त्यांच्या चरित्राचा अवकाश प्रायः एका खोलीचा आहे. राणी मारिया यांच्या चरित्राचा अवकाश वाटा, पाडे, कार्यालये आणि बसगाड्या यांचा आहे. एकाच संघाच्या, एकच व्रते घेतलेल्या दोन धर्मभगिनींच्या चरित्रांत एवढे अंतर पडावे, यामागे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) सेवाकार्याच्या कल्पनेत झालेला बदल आहे. दानधर्माच्या जोडीला सामाजिक न्याय हाही धर्मकार्याचा भाग मानला जाऊ लागला होता.

१९७५ मध्ये त्या उत्तर प्रदेशातील बिजनौर येथे आल्या. आरंभी त्यांनी अध्यापन केले व नंतर सामाजिक कार्य हाती घेतले. १९८३ पासून मध्य प्रदेशातील सतना धर्मप्रांतात आणि १९९२ पासून इंदूर धर्मप्रांतातील उदयनगर (जिल्हा देवास) येथे त्यांनी काम केले. उदयनगरच्या परिसरातील आदिवासी शेतकरी व भूमिहीन मजूर सावकारी कर्जात अडकलेले होते. कर्जाची फेड श्रमाने, पिकाने, प्रसंगी जमिनीने होई. राणी मारिया यांनी गावोगावी जाऊन लोकांना बँकेच्या कर्जाची आणि शासकीय योजनांची माहिती दिली, त्यांना संघटित केले आणि आपला हक्क स्वतः मागण्याची सवय लावली. ज्यांच्यावतीने आजवर दुसरेच बोलत आले होते ती माणसे स्वतःच्या व्यवहाराबद्दल स्वतः बोलू लागली. साक्षीचा मुद्दा प्रथम येथे येतो, मृत्यूच्या कितीतरी आधी.

या कामाने ज्यांच्या उत्पन्नाला धक्का लागला त्यांचे वैर ओढवणे अपरिहार्य होते. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये भाडोत्री मारेकऱ्याने चाकूचे असंख्य वार करून त्यांची हत्या केली. येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला, असे चरित्रकथनांत सांगितले जाते. त्याच कथनांत आणखी एक तपशील आहे : बसमध्ये इतर प्रवासी होते, पण कोणी आडवे आले नाही. डोळ्यांदेखत घडलेल्या या घटनेला साक्षीदार होते. त्या क्षणी साक्ष मात्र नव्हती. उदयनगर येथेच त्यांचे दफन झाले.

२. कशाची साक्ष?

एखाद्या व्यक्तीस रक्तसाक्षी ठरविताना कॅथलिक चर्च परंपरेने एक कसोटी लावते. हत्या 'इन ओडियम फिदेई', म्हणजे श्रद्धेच्या द्वेषापोटी झालेली असली पाहिजे. राणी मारिया यांच्या बाबतीत ही कसोटी सरळ लागू होत नव्हती. मारेकऱ्यामागील हितसंबंध आर्थिक होते. त्यांनी कर्जमुक्तीऐवजी केवळ प्रार्थनेचे काम केले असते, तर त्या मारल्या गेल्या असत्या का, हा प्रश्न कोणीही विचारू शकेल.

हाच पेच एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या बाबतीत निर्माण झाला होता. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना त्यांची हत्या झाली. परंतु ती राजकीय की धार्मिक, या वादामुळे त्यांच्या रक्तसाक्ष्याला मान्यता मिळावयास २०१५ साल उजाडले. त्या निर्णयाने कसोटीचा अर्थ विस्तारला. श्रद्धेतून निपजलेल्या न्यायकृतीचा द्वेष हाही श्रद्धेचाच द्वेष ठरू शकतो, हे त्यातून मान्य झाले. राणी मारिया यांच्या रक्तसाक्ष्याला पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये मान्यता दिली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आले.

या दोन तारखांच्या दरम्यान, ११ जुलै २०१७ रोजी, त्याच पोपनी संतपदाकडे नेणारा एक नवा मार्ग मान्य केला. इतरांवरील प्रेमापोटी स्वेच्छेने 'जीवनाचे अर्पण' करणाऱ्यांसाठी तो आहे. त्यात मारेकरी वा श्रद्धाद्वेष असण्याची अट नाही. शब्दार्थाच्या दृष्टीने पाहता मराठीतील 'हुतात्मा' या नव्या मार्गाच्या अधिक निकट आहे. चर्चने राणी मारिया यांना दिलेले स्थान मात्र अर्पणकर्तीचे नसून साक्षीदाराचे आहे. त्यांना 'हुतात्मा' म्हटल्याने सन्मान होतो, परंतु त्यांनी कशाची साक्ष दिली हा प्रश्न त्या शब्दातून निसटतो. मुंबईतील हुतात्मा चौकाने या शब्दाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची स्मृती जोडली आहे. तेथेही भर बलिदानावर आहे. याउलट केरळात 'रक्तसाक्षी' हा शब्द चर्चप्रमाणेच साम्यवादी चळवळही आपल्या मृतांसाठी वापरते. भूमिहीनांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका धर्मभगिनीसाठी हा दुहेरी वापर विशेष अर्थपूर्ण आहे.

३. साक्षीचे हस्तांतर

संतचरित्र सामान्यतः मृत्यूपाशी आणि नंतरच्या चमत्कारांपाशी संपते. या चरित्राचा उत्तरार्ध मात्र इंदूरच्या तुरुंगात घडला. राणी मारिया यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याच धर्मसंघात होत्या. २००२ मध्ये रक्षाबंधनाच्या निमित्ताने तुरुंगात जाऊन त्यांनी मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारिया यांच्या कुटुंबीयांनी आणि धर्मसंघाने प्रयत्न केले. तो २००६ मध्ये सुटला आणि २००७ मध्ये पुल्लुवळी येथे जाऊन त्या कुटुंबाला भेटला.

क्षमा हे ख्रिस्ती मूल्य आहे, परंतु ते व्यक्त करण्यासाठी निवडलेला विधी कॅथलिक उपासनेतला नाही आणि केरळच्या लोकजीवनातही तो मूळचा नव्हे. एका मल्याळी धर्मभगिनीने आपल्या परंपरेतील क्षमेचा माळव्यातील माणसाला कळेल अशा भाषेत केलेला हा अनुवाद आहे. 'मी तुला क्षमा केली' या वाक्यात क्षमा करणारा वर आणि क्षमा घेणारा खाली राहतो. राखीने जोडलेले नाते भावाबहिणीचे असते आणि त्यात भावावर रक्षणाचे कर्तव्य येते. ज्याने एका बहिणीचा जीव घेतला त्याच्यावर दुसरीच्या रक्षणाचा भार टाकला गेला. अनुवादाने मूळ अर्थ येथे केवळ पोहोचविला नाही, तर वाढविला आहे.

या संदर्भात इटलीतील मारिया गोरेत्ती यांचे उदाहरण आठवते. १९०२ मध्ये त्यांची हत्या करणाऱ्या आलेस्सांद्रो सेरेनेल्ली याने दीर्घ तुरुंगवासानंतर त्यांच्या आईची क्षमा मागितली आणि उर्वरित आयुष्य कापुचिन मठात काढले. त्या कथेत पश्चात्ताप दग्ध मनुष्याला मठाच्या आत आणतो. येथे मारेकरी धर्मसंघाचा सदस्य झाला नाही. तो आपल्या गावी राहिला, शेती करू लागला, आणि आपल्याला कोणी व का चिथावले होते हे सांगू लागला. 'द हार्ट ऑफ अ मर्डरर' (२०१३) हा माहितीपट त्याच्यावरच केंद्रित आहे. 'द फेस ऑफ द फेसलेस' (२०२३) या कथापटाने पुन्हा राणी मारिया यांच्या कार्याकडे दृष्टी वळविली. बसमधील प्रवाशांनी जे केले नाही ते शेवटी मारेकऱ्याने केले. घटनेची साक्ष त्याने दिली.

मारेकऱ्याच्या हृदयपरिवर्तनाचे आकर्षण मोठे असते आणि वाल्या कोळ्याच्या कथेवर वाढलेल्या वाचकाला ते विशेष जाणवते. त्या आकर्षणात मूळ चरित्रनायिका केवळ निमित्तमात्र ठरण्याचा धोकाही असतो. राणी मारिया यांचे महत्त्व त्यांच्या मृत्यूने कोणाला बदलले एवढ्यापुरते मर्यादित नाही. सावकाराच्या वहीवर विसंबून राहिलेल्या माणसांना स्वतःचा हिशेब मागण्याचे बळ त्यांनी दिले, हे त्यांचे जिवंतपणीचे कार्य आहे. म्हणून मराठी अनुवादकाने 'हुतात्मा' या तयार शब्दाशी न थांबता 'रक्तसाक्षी' हा शब्द स्वीकारणे योग्य होईल. त्याचे दोन्ही घटक संस्कृतोद्भव असल्याने तो मराठीला परका नाही. 'आहुती' म्हटले की कथा मृत्यूपाशी पूर्ण होते. 'साक्ष' म्हटले की ती कशाबद्दल होती हे वाचकाला विचारावे लागते, आणि उदयनगरच्या कर्जदारांकडे वळावे लागते.