राखणदार उलटतो तेव्हा

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. बाहेरून जंतू शिरले की त्यांच्यावर तुटून पडायचे, हे त्यांचे काम. शेतावरच्या राखणदारासारखे म्हणा ना! पण हा राखणदारच घरच्या माणसाला चोर समजून काठी चालवू लागला तर? शरीरात असे घडून जो रोग होतो त्याला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. कुठे हा मार थायरॉईड ग्रंथीवर बसतो, कुठे कातडीवर. सांध्यांवर बसला की आमवात होतो. आज त्याविषयीच बोलू.

उतारवयात गुडघे झिजतात ते दुखणे वेगळे. आमवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांत सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच धरतो. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुपटी-तिपटीने आढळतो. सकाळी मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, कळशी उचलवत नाही. ताठलेले हात सैल व्हायला तासभर लागतो, आणि दुपारी तीच बाई कामाला लागलेली दिसते. मग घरचे म्हणतात, "सकाळची सोंगे!" ती सोंगे नव्हेत. सूज महिनाभर हटली नाही तर रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्यावे. एकदा हाड कुरतडले गेले की ते पूर्ववत होत नाही.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी या रोगाने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे औषध फार दिवस घेतले की तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते, हेही पुढे कळले. बाजारात घेतलेल्या बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत दुखणे पळाले, तर हेंचसाहेबांची ती बाई आठवावी! अशा पुड्यांत याच जातीचे स्टेरॉईड मिसळलेले तपासणीत अनेकदा सापडले आहे.

आज मुख्य आधार मेथोट्रेक्झेटचा. ते राखणदाराची काठी आवरते. ही गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड येते, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. मूल हवे असलेल्या बाईने ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

मग वैद्यांकडे जायचे की नाही? जरूर जा. शेक, हलका व्यायाम, योगासने यांनी ताठरपणा कमी होतो. कोइमतूरला ४३ रोग्यांवर आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्झेट आणि दोन्ही मिळून, असे तीन गट करून पाहिले. २०११ मध्ये अहवाल आला. तिन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखी होती. पण एवढ्या थोड्या रोग्यांवरून चालू गोळी सोडण्याचा कौल निघत नाही. आणि "प्रतिकारशक्ती वाढवणारे" म्हणून जे जे विकले जाते, ते या रोग्याने डोळे मिटून घेऊ नये. ज्याची काठी आवरायची त्यालाच खुराक कशाला? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस यकृताला इजा झालेले सहा रोगी पाहिले; सर्वांनी गुळवेल घेतली होती. गुळवेलीमुळे दडलेला स्वयंप्रतिकार विकार वर आला असावा, असा त्यांचा तर्क होता. आयुष मंत्रालयाला तो पटला नाही. वाद असो, मेथोट्रेक्झेटही यकृताला जड जाते, म्हणून वैद्यांचे काढे डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या गोळ्या वैद्यांना दाखवाव्यात. वेष्टनासकट पिशवीत घालून न्याव्यात, म्हणजे नावे पाठ करायला नकोत.

गुरुजनांनी एक पाहावे. सोळा वर्षांखालच्या मुलांनाही सांध्यांचा असाच विकार होतो. प्रार्थनेला लंगडत येणारे पोर मधल्या सुट्टीत धावते, म्हणून ते लबाड ठरते. त्याच्या आईवडिलांना बोलावून घ्या, आणि डोळेही तपासून आणायला सांगा. काही मुलांचा डोळा आतून सुजतो, पण वरून लाल होत नाही आणि दुखतही नाही.