यंत्र जाम होते ते थांबल्यावर

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी लागू होते आणि रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या पायथ्याशी मिरकरवाडा बंदरातली इंजिने एकेक करून शांत होतात. २०१५पासून ही बंदी ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवसांची आहे. जाळी उतरतात, नौका शाकारल्या जातात, खलाशी आपापल्या गावी जातात. बंदी उठायची वेळ आली की इंजिनाचे तेल बदलते, जाळी चढतात आणि मग कोणत्या तरी नौकेवर ठरलेली तक्रार ऐकू येते: विंच जाम आहे. मे महिन्यात वायरची आणि जाळ्याची सगळी ओढ निमूट पेलणारा ड्रम आता जागचा हलत नाही. पान्याला पाइप लावून दोघे लटकतात आणि बोल्टचे डोके तुटून हातात येते.

हा प्रसंग नशिबाचा नाही. त्यामागे ठरावीक रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र आहे. ते समजून घेतले तर बहुतेक विंच काही न तोडता सुटतात आणि त्याहून कितीतरी अधिक विंच मुळात जाम होतच नाहीत.

दोन महिन्यांत काय घडते?

ट्रॉलरवरच्या विंचची रचना सरळ असते. वायर गुंडाळण्यासाठी ड्रम, ड्रमला शाफ्टशी जोडणारा दातेरी क्लच, ड्रम थोपवणारा पट्ट्याचा ब्रेक आणि इंजिनाकडून साखळीने किंवा पट्ट्याने येणारी गती. क्लच सोडला की ड्रमने शाफ्टवर मोकळे फिरायचे असते. त्यासाठी शाफ्ट आणि बुश यांच्यात थोडी फट ठेवलेली असते, साधारण ०.१ मिलिमीटर. सगळी गोष्ट या फटीत घडते.

विंच रोज फिरतो तेव्हा फटीतले ग्रीस पसरत राहते, आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते आणि गंजाचा पातळ थर धरण्याआधीच घासून निघतो. फिरणे हीच त्याची सफाई असते. यंत्र थांबले की ही सफाई थांबते, मीठ मात्र आतच राहते.

समुद्राच्या पाण्यात दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळते. त्याच्या सोबतचे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच पाणी धरते. म्हणून मीठ बसलेले लोखंड पावसाचा थेंब न पडताही ओले असते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत जून-जुलैमध्ये ते वाळण्याची शक्यताच नसते. ताडपत्री पाऊस अडवते, आर्द्रता अडवत नाही.

ओल्या लोखंडाला प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या जागी प्राणवायू घेतो. क्लोराइड इथे दोन कामे करते. ते पाण्याची वीजवाहकता वाढवते आणि धातूवरचा संरक्षक थर फोडते. शिवाय या व्यवहारात ते फारसे खर्च होत नाही. तेच मीठ पुन्हा पुन्हा गंज घडवते.

केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून या क्रियेचा नकाशाच दाखवून दिला. थेंबाच्या कडेला हवा पोहोचते, मध्यभागी पोहोचत नाही. लोखंड झिजते ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी आहे तिथे. शाफ्ट आणि बुशच्या फटीत नेमकी हीच स्थिती असते. तोंडाशी हवा, आत कोंडलेले खारे पाणी. त्यामुळे बाहेरून रंगवलेला, चकचकीत दिसणारा विंच आतून धरलेला असू शकतो.

गंज जागा मागतो

लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा लागते. पाणी धरलेल्या गंजाला सहापटीपर्यंतही लागते. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारे लाकडी दार कोकणात प्रत्येक घरात असते. गंजलेला शाफ्ट तसाच अडकतो, फरक एवढाच की दसऱ्यापर्यंत थांबून तो पुन्हा आकसत नाही.

हिशेब करून पाहू. शाफ्ट आणि त्याभोवतीचा भाग दोन्ही पोलादी आहेत आणि प्रत्येकाचा फक्त ०.०२५ मिलिमीटर थर गंजला असे समजा. गंज तिप्पट जागा घेत असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून ०.१ मिलिमीटरची वाढ होते आणि पूर्ण फट बुजते. हा आकडा अवास्तव नाही. गंजाच्या तीव्रतेनुसार हवेचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात खाऱ्या किनाऱ्यांना लागू पडणारा सी-५ नावाचा वर्ग आहे. त्या हवेत उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रोमीटर झिजते. त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे दोन महिन्यांचा वाटा, १३ ते ३३ मायक्रोमीटर होतो. आपल्या हिशेबातले ०.०२५ मिलिमीटर म्हणजे २५ मायक्रोमीटर. एक पावसाळा पुरतो.

दोन वेगळे धातू एकत्र आले तर भर पडते. खाऱ्या पाण्यात पोलाद आणि ब्राँझ एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी तयार होते आणि पोलाद झिजते. पोलाद आणि ॲल्युमिनियम टेकले तर ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत ठासून बसते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबे वाचले, तुकडे झिजले. आज नौकेच्या बुडाला प्रोपेलरजवळ लावलेले जस्ताचे ठोकळे त्याच तत्त्वावर चालतात. पण डेकवरच्या विंचला हे संरक्षण मिळत नाही. जस्ताचा ठोकळा आणि वाचवायचा धातू एकाच पाण्यात बुडालेले असावे लागतात.

समुद्रापासून दूर, घरातल्या यंत्रांतही पोलाद आणि ॲल्युमिनियमची जोडी त्रास देते. अमेरिकेत एकेकाळी घरोघरी पिळणीची धुलाईयंत्रे होती. टबात कपडे घुसळणारी रवी आणि वर पाणी पिळून काढणारे दोन रबरी रोलर. मेटॅग कंपनीने १९२२मध्ये ॲल्युमिनियमच्या टबाचे असे यंत्र आणले आणि पिळणीच्या यंत्रांचे उत्पादन १९८३पर्यंत चालू ठेवले. ही जुनी यंत्रे आज हौसेने दुरुस्त करणाऱ्यांपुढची एक नेहमीची अडचण म्हणजे पोलादी दांड्यावर धरून बसलेली ॲल्युमिनियमची रवी. दोन धातू, साबणाचे पाणी आणि अडगळीत काढलेली वर्षे. रोलर एकमेकांवर दाबलेल्या स्थितीत राहिले तर रबरही चपटे होऊन बसते, म्हणून काम संपल्यावर त्यांचा दाब सैल करून ठेवायचा असतो. तिथेही नुकसान कामाने होत नाही, विसाव्याने होते.

सोडवण्याचा क्रम

जाम झालेल्या विंचवर पहिला हात हातोड्याकडे जातो. त्याआधी ओढ काढायला हवी. वायरवर ताण असेल तर ड्रम अचानक सुटताना माणूस जखमी होऊ शकतो. वायर सैल करावी, इंजिन चुकूनही सुरू होणार नाही अशी सोय करावी.

मग नेमके कुठे धरले आहे ते शोधावे. साखळी उतरवून शाफ्ट एकटा फिरतो का ते पाहावे. ब्रेकचा स्क्रू पूर्ण सैल करावा. ब्रेकचा पट्टाच ड्रमला चिकटलेला असू शकतो आणि तो सुटला की सगळे सुटते. तिथे तेल ओतू नये, नाही तर पुढे समुद्रात ब्रेक धरणार नाही. क्लचचे दाते मागेपुढे सरकतात का ते तपासावे. एकेक भाग वेगळा करत गेल्यावर धरलेली जागा एकच उरते आणि पुढची मेहनत तिथेच लागते.

तिथे गंज ब्रशने साफ करून पातळ तेल सोडावे. तेल फटीत शिरते ते केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणधर्माने. १९२१मध्ये एडवर्ड वॉशबर्न यांनी त्याचा नियम मांडला: लागणारा वेळ खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एक सेंटिमीटर आत जायला एक तास लागला तर तीन सेंटिमीटरला नऊ तास लागतील. तेल जितके दाट तितका वेळ आणखी जास्त. म्हणून गिअरचे दाट तेल इथे निरुपयोगी आणि डिझेलसारखे पातळ द्रव उपयोगी ठरते. संध्याकाळी तेल सोडून सकाळी पाना लावणारा मिस्त्री आळस करत नसतो, तो या वर्गाच्या नियमाला त्याचा वेळ देत असतो.

तेलानंतर हलके ठोके. गंज दाब चांगला सोसतो, पण तो ठिसूळ आहे. धक्क्याने त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आणखी आत शिरते. लाकूड किंवा पितळेचा तुकडा मध्ये धरून सगळीकडून बेताने ठोकावे. घणाचा एक मोठा घाव शाफ्ट वाकवतो, छोटे पुष्कळ ठोके गंज फोडतात.

मग पाना. बोल्ट आधी किंचित घट्ट करून मग सैल करावा, थोडा सुटला की पुन्हा मागे फिरवावा, पुन्हा तेल द्यावे. मागेपुढे करताना गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडतो. एकाच दिशेने रेटले तर तोच चुरा पुढे साचून आटे खातो. नवा, स्वच्छ बोल्ट आवळतानाही पान्याच्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो. गंजलेल्या बोल्टमध्ये हे घर्षण कितीतरी वाढते आणि पाइप लावून दिलेला जादा जोर बोल्टलाच पिळतो. बोल्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या पटीत असते, म्हणून १२ मिलिमीटरचा बोल्ट २४ मिलिमीटरच्या बोल्टच्या एक अष्टमांश पीळच सोसतो. लहान बोल्टवर लांब पाइप लावणे म्हणजे तो तोडायचे ठरवणेच.

एवढ्यानेही सुटले नाही तर उष्णता. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या १२ दशलक्षांश इतके वाढते. २४ मिलिमीटर आट्याचा नट २०० अंशांनी तापवला तर त्याचे छिद्र जवळजवळ ०.०६ मिलिमीटरने मोठे होते. मात्र नट तापला पाहिजे आणि बोल्ट थंड राहिला पाहिजे, त्यामुळे आच भरभर आणि फक्त बाहेरून द्यावी लागते. नौकेवर गॅस पेटवण्याआधी डिझेल, तेलाचे बोळे आणि जाळी दूर करणे अत्यावश्यक आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टवर आच दिली की निघणारा पांढरा धूर अंगात ताप आणतो. ती जागा मोकळ्या हवेची हवी.

मे महिन्यातला एक दिवस

ही सगळी खटपट वाचवण्याची संधी नौका शाकारण्यापूर्वी मिळते. विंच गोड्या पाण्याने भरपूर धुवावा, कारण मीठ गेले की ओल धरणारी गोष्टच जाते. तो पूर्ण वाळू द्यावा. ग्रीस गनने निपलमधून नवे ग्रीस भरताना जुने, खारे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत थांबू नये. ग्रीस निवडतानाही डोळस असावे. सोडियमच्या साबणावर बनवलेले ग्रीस पाण्यात विरघळते, कॅल्शियमचे पाण्याला टिकते. ब्रेक सैल ठेवावा, क्लच सोडून ठेवावा. आणि बंदीच्या काळात दर आठवड्याला कोणी तरी नौकेवर जाऊन ड्रम हाताने दोन-चार फेरे फिरवावा.

मिरकरवाड्यातले अनुभवी मिस्त्री यातले पुष्कळ काही हाताने जाणतात. शहरालगत शिरगावला १९८१पासून मत्स्य महाविद्यालय आहे. शहरात आयटीआयही आहे. बंदीचे दोन महिने नौका, मिस्त्री आणि विद्यार्थी एकाच तालुक्यात असतात. जाम विंच सोडवताना विद्यार्थ्यांनी शेजारी उभे राहून कोणता भाग कुठे धरला, कोणते ग्रीस टिकले, किती तासांत तेल आत पोहोचले याची नोंद केली, तर या बंदराला स्वतःच्या हवेचे, स्वतःच्या यंत्रांचे शास्त्र मिळेल. बंदी उठल्यावर बंदरात अडकून पडलेल्या नौकेचा प्रत्येक दिवस तांडेलापासून मासे विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या कमाईतून वजा होतो. ते नुकसान मे महिन्यातल्या एका दिवसाच्या धुण्या-ग्रीसने टाळता येते, आणि म्हणून तो दिवस हंगामाच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.