एक तार, अनेक वाटेकरी

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. तीत बाहेरून एकच नळ येतो. परंतु तिच्यातून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंगण अशा अनेक ठिकाणी पाणी पोचते. आंतरजालाची, म्हणजे इंटरनेटची, जोडणीही अशीच आहे. बाहेरून घरात येणारी तार एकच. तिचा लाभ मात्र घरातील सर्वांना घेता येतो. बहिणीचा अभ्यास, वडिलांचे कार्यालयीन काम आणि आजीचे परदेशी असलेल्या मुलाशी बोलणे एकाच वेळी चालू शकते. ही व्यवस्था उभारण्यास मोठे तांत्रिक ज्ञान लागते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. तिच्या मुळाशी असलेल्या दोन-चार गोष्टी समजून घेतल्या, की हे काम कोणासही जमते.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्या काळी ती दूरध्वनीच्या तारेतून येई व तिची गती फार मंद असे. आता पुष्कळ घरांत काचेची, केसासारखी बारीक तार येते. तीस प्रकाशतंतू म्हणतात. तीतून वीज वाहत नाही, तर प्रकाशाचे स्पंद धावतात. घरातील एक लहानशी पेटी या स्पंदांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करते. तिच्या जोडीस दुसरी पेटी असते. तिला राउटर म्हणतात. कित्येकदा या दोन्ही पेट्या एकाच डब्यात बसविलेल्या असतात.

राउटरचे काम पोस्टमनसारखे आहे. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे असली, तरी पोस्टमन ज्याचे पत्र त्यालाच देतो. त्याचप्रमाणे राउटर घरातील प्रत्येक उपकरणास एक क्रमांक देतो आणि ज्याने जे मागविले, ते त्यालाच पोचवितो.

हा पोस्टमन तारेवाचून चालतो, ही त्याची मोठी मौज आहे. तो रेडिओलहरींच्या द्वारे संदेश पाठवितो. १८९५ साली कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी अशाच अदृश्य लहरींच्या साहाय्याने भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. राउटरच्या लहरी सामान्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारच्या लहरींची सेकंदाला सुमारे २४० कोटी आवर्तने होतात, तर दुसऱ्या प्रकारच्या लहरींची सुमारे ५०० कोटी. पहिल्या लहरी दूरवर जातात. दुसऱ्या अधिक वेगाने माहिती वाहून नेतात, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतात.

म्हणून राउटर कोठे ठेवावा, यास महत्त्व आहे. तो घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाटात ठेवल्यास त्याच्या लहरी कोंडल्या जातात. जाड दगडी भिंत व माशांची मोठी काचपेटीही त्यांना अडवितात. मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरी पहिल्या प्रकाराच्याच जवळच्या असल्यामुळे तिच्या शेजारीही राउटर ठेवू नये.

आता जोडणीचा क्रम पाहू. प्रकाशतंतू घरापर्यंत आणण्याचे काम सेवा देणाऱ्या संस्थेचा कारागीर करतो. ही तार काटकोनात वाकवू नये व तिच्या उघड्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये. पुढे राउटरला वीज द्यावी आणि दिवे स्थिर होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. राउटरच्या तळाशी बहुधा एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द छापलेला असतो. मोबाइलच्या वायफायच्या यादीत ते नाव शोधून परवलीचा शब्द लिहिला, की जोडणी झाली! मात्र वीज गेली की राउटरही बंद पडतो. भारनियमन असलेल्या गावी त्यासाठी लहान बॅटरीची सोय करून ठेवावी.

येथे काम संपले असे वाटते. पण खरी जबाबदारी येथेच सुरू होते. छापील परवलीचा शब्द तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखे आहे. तो बदलावा. नवा शब्द लांब असावा. त्यात घरातील कोणाचे नाव वा जन्मतारीख नसावी. राउटरच्या मांडणीत शिरण्याचा शब्द निराळा असतो. तोही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली बदलावा. संरक्षणाच्या प्रकारांत डब्ल्यूपीए ३ निवडावा, तो नसल्यास डब्ल्यूपीए २. जाळे उघडे राहिले आणि परक्याने त्यातून दुष्कृत्य केले, तर चौकशी प्रथम त्या घराच्या दारी येते.

दुसरी गोष्ट वाटणीची. तारेची गती ठरलेली असते. एकाच वेळी सर्वांनी मोठमोठे चित्रपट उतरवून घेतले, तर टाकीवरचे सारे नळ सोडल्यावर होते तेच होते. धार बारीक होते. नेमक्या त्या वेळी बहिणीची परीक्षा चालू असेल, तर तिची प्रश्नपत्रिका पडद्यावर उमटतच नाही. अशा वेळी आपला चित्रपट तासभर मागे ठेवण्यास कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही. त्यास एकमेकांच्या गरजेची जाणीव लागते. लहरी भिंती ओलांडून सर्वांपर्यंत पोचतात. त्यांचा लाभ सर्वांना मिळू देणे मात्र माणसांच्याच हाती आहे.