गुंगीचे औषध, वाहन आणि कायदा : आरोपीचा बचाव कशात असतो?

सर्दीवर अथवा झोपेसाठी गोळी घेऊन मोटारसायकल चालविली, तर तो गुन्हा होतो काय? शिंदीच्या दुकानातून निघालेल्या माणसाने पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली आणि यंत्राने काही दाखविले नाही, तरीही त्याच्यावर दुसरा आरोप येऊ शकतो काय? आणि आलाच, तर त्याने स्वतःच्या बचावासाठी काय सांगावे? हे प्रश्न आता आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरोघर निघू लागले आहेत. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग आपल्या दाराजवळून जातो. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर, टेम्पो आणि ट्रक रात्रंदिवस चालतात. आणि संस्थेच्या पुष्कळ सभासदांच्या घरची चूल कोणा ना कोणा चालकाच्या परवान्यावर पेटते. आम्ही वकील नव्हे, शिक्षक आहोत. म्हणून कायद्याचे कलम धड्यासारखे वाचून त्याचा अर्थ सोपा करून सांगणे, एवढेच आम्ही येथे करणार आहोत.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा. तो साऱ्या देशास लागू आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे आपल्या जिल्ह्याचे भाग पलीकडे गेले. नातीगोती मात्र दोन्ही बाजूंस राहिली आणि लग्नकार्यासाठी पैनगंगा ओलांडणे चालूच आहे. नदीच्या अलीकडे तेलंगणात असो वा पलीकडे महाराष्ट्रात, वाहन चालविणाऱ्यास हे कलम एकच आहे. त्याचा क्रमांक १८५.

या कलमास दोन फांद्या आहेत. पहिली फांदी दारूची. तेथे कायद्याने आकडा दिला आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा झाला, मग माणूस सरळ चालत असो वा झोकांड्या खात असो. दुसरी फांदी मद्याव्यतिरिक्त इतर नशेच्या पदार्थांची. तेथे आकडा नाही. त्या पदार्थाच्या अंमलामुळे चालक वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ झाला होता, हे सरकार पक्षास सिद्ध करावे लागते. आरोपीचा सारा खरा बचाव या एका फरकातून निघतो, म्हणून वाचकांनी तो नीट ध्यानात ठेवावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय गुन्हा शाबीत झाला तर चालकास किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविले जाते. चालकाच्या घरी सहा महिने म्हणजे काय, हे सांगावयास नको.

न्यायालयापुढे तीन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न : वाहन कोण चालवीत होता? कलमाचे शब्द ‘चालविताना किंवा चालविण्याचा प्रयत्न करताना’ असे आहेत. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत मागच्या बाकावर झोपलेला माणूस चालक ठरत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये मुंबईत वांद्रे येथे पदपथावर झोपलेल्या लोकांवर गाडी जाऊन एकाचा मृत्यू झाला. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये नट सलमान खान यांस पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. गाडी तेच चालवीत होते आणि ते मद्याच्या अंमलाखाली होते, हे संशयापलीकडे सिद्ध झाले नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही त्याने बोट ठेवले. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

दुसरा प्रश्न : शरीरात नेमके काय होते? तोंडाने फुंकावयाचे यंत्र फक्त मद्यार्क ओळखते. गांजा, अफू अथवा झोपेची गोळी त्यास कळत नाही. म्हणून अशा आरोपात लाळ, लघवी अथवा रक्त तपासतात. लाळेची वा लघवीची झटपट चाचणी ही प्राथमिक होय. ती चुकू शकते. भरपूर खसखस घातलेला पदार्थ खाल्ल्यानंतरही लघवीच्या चाचणीत अफूवर्गीय द्रव्य दिसू शकते, आणि सर्दीच्या काही औषधांमुळेही चाचणी फसते. यास्तव न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या पक्क्या तपासणीचा आग्रह धरणे हा आरोपीचा रास्त बचाव आहे. नमुना कोणी घेतला, किती वाजता घेतला, बाटलीवर नाव व मोहोर होती काय, ती कोणाच्या हातून प्रयोगशाळेत गेली, हे प्रश्न विचारण्याचा त्यास अधिकार आहे.

केवळ बाह्य लक्षणांवर विसंबणे किती धोक्याचे, हे १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई हसनअली कर्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले. तोंडास वास, डळमळती चाल, अडखळते बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असा त्याचा आशय आहे. तो खटला मद्याचा होता. पण गुंगीच्या पदार्थाच्या आरोपासही तेच तत्त्व लागू करावे, असा युक्तिवाद करता येतो. मधुमेह्याची साखर एकाएकी उतरली, डोक्यास मार बसला अथवा अपस्माराचा झटका येऊन गेला, तरी माणूस नशेत असल्यासारखाच दिसतो. घरच्यांनी असा आजार असल्यास तो डॉक्टरांस त्याच घटकेस सांगावा आणि नोंदवून घ्यावा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ताबा सुटला होता काय? आपल्या जिल्ह्यात कापसाच्या आणि तुरीच्या पिकात गांजाची झाडे सापडल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत, म्हणून गांजाचेच उदाहरण घेऊ. गांजा ओढल्यावर त्याची गुंगी काही तासांत उतरते, पण त्याचे अंश लघवीत कित्येक दिवस, नित्य ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडेही, सापडतात. अंश सापडला म्हणजे त्या क्षणी ताबा सुटला होता, असे होत नाही. गाडी कशी चालली होती, चालकाने प्रश्नांस कशी उत्तरे दिली, डॉक्टरांनी काय लिहिले, हा पुरावा येथे मोलाचा ठरतो. मात्र यातून गांजा ओढणाऱ्याने समाधान मानू नये. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली सेवन हा स्वतंत्र गुन्हा आहे, वाहन चालविले असो वा नसो.

आता कार्यपद्धतीकडे वळू. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास त्याच्यासमक्ष घडलेल्या या गुन्ह्यासाठी वॉरंटाशिवाय अटक करता येते. परंतु कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे. न झाल्यास त्यास कोठडीतून सोडले पाहिजे. म्हणून अटकेची आणि तपासणीची वेळ घरच्यांनी लिहून ठेवावी. स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असतील तर दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती आवश्यक आहे. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांस आधी कळवावे लागते आणि उपचारास बाधा येईल असे त्यांनी म्हटले तर रक्त घेता येत नाही.

‘चाचणीस नकार द्या म्हणजे पुरावाच राहणार नाही’ असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. तो घातक आहे. फुंकरीस अथवा रक्त देण्यास सबळ कारणाविना नकार दिला, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच आरोपीच्या विरुद्ध धरता येतो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनादत्त हक्क येथे पुढे करण्यात अर्थ नाही. आपल्या बोटांचे ठसे वा हस्ताक्षर देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात ठरविले. रक्ताच्या नमुन्याची गोष्ट त्याच जातीची आहे.

औषधाचे काय? डॉक्टरांची चिठ्ठी दोन कामे करते. पदार्थ बेकायदा मिळविला नव्हता हे ती दाखविते, आणि किती गोळ्या कोणत्या आजारासाठी घ्यावयाच्या होत्या हेही दाखविते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांच्या विक्रीची नोंद औषध दुकानदारास वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे ठेवावी लागते. तो पुरावाही मागविता येतो. पण चिठ्ठी म्हणजे गाडी चालविण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या व्याख्येत मनोविकारांवरील अशी द्रव्येही येतात. डॉक्टरांनीच दिलेल्या गोळीने ताबा सुटला, तरी कलम १८५ सुटत नाही.

शेवटी आपल्या भागाची खास अडचण : शिंदी, जिला आपले तेलुगू शेजारी कल्लू म्हणतात. तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम अथवा अल्प्राझोलाम मिसळण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. पिणाऱ्यास वाटते आपण सौम्य शिंदी प्यालो. पोटात जाते ती झोपेची पूड. नकळत दिल्या गेलेल्या नशेचा बचाव कायद्यात आहे : २०२३ च्या भारतीय न्याय संहितेचे कलम २३. परंतु त्याची अट कडक आहे. आपण काय करीत आहोत किंवा ते गैर आहे हे समजण्याची शक्तीच उरली नव्हती, आणि नशेची वस्तू नकळत अथवा इच्छेविरुद्ध दिली गेली होती, ही दोन्ही गोष्टी आरोपीने दाखवावयाच्या असतात. ज्याने स्वखुशीने शिंदीचा लोटा उचलला, त्याचा हा मार्ग अरुंद आहे.

‘अपघात झाला नाही’, ‘गाडी सावकाश होती’, ‘सगळेच घेतात’ हे बचाव नव्हेत. हे प्रकरण रस्त्यावर पैसे देऊन मिटणारेही नव्हे. ते न्यायालयातच जावे लागते. तसेच, खेपा चुकविण्यासाठी न केलेला गुन्हा कबूल करून मोकळे होणे हा मूर्खपणा होय, कारण पुढच्या वेळी तोच माणूस दुसऱ्यांदा गुन्हा करणारा ठरतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील माणसास आणि स्त्रियांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ज्यास व्यसन जडले आहे त्याने सरकारमान्य रुग्णालयात स्वेच्छेने उपचार घेतल्यास सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातच आहे. तिचा उपयोग लाजेपोटी होत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

हे नियम नशेबाजांस सोडविण्यासाठी केले आहेत, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. २००६ साली मुंबईत कार्टर रस्त्यावर मद्यपी चालकाच्या गाडीखाली सात मजूर मेले. तेथे रक्ताची तपासणी न्यायालयात टिकली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम केली. तपासणी नीट झाली तर निरपराध सुटतो आणि मेलेल्याच्या घरच्यांस न्यायही मिळतो. ती ढिली झाली तर दोघेही नागवले जातात. सभासद बंधुभगिनींनी घरातील चालकास एवढेच सांगावे : गोळी घेण्यापूर्वी ‘ही घेऊन गाडी चालवू का?’ असे डॉक्टरांस विचार, आणि उत्तर ‘नाही’ आले तर किल्ली दुसऱ्याच्या हाती दे.