थांबायला शिकणारा घोडा

मी घोड्यांच्या तबेल्यात वाढलो हे वर्गातल्या मित्रांना कळले, की ते दोनच प्रश्न विचारतात. पहिला, घोडा किती जोरात पळतो? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, रविवारी कोणता घोडा लागणार याची काही 'टीप' मिळते का? पहिल्याचे उत्तर तासाला साठ किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्याचे उत्तर, नाही. मात्र शर्यत संपल्यावर, म्हणजे कायमची संपल्यावर, त्या घोड्याचे पुढे काय होते, हे आजवर मला कोणीही विचारलेले नाही. प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आमचे अण्णा पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये सईस आहेत. जुन्या मराठीत ज्याला मोतद्दार म्हणत, तोच हा माणूस. घोड्याला खरारा करायचा, चंदी द्यायची, खूर साफ करायचे, खोगीर चढवून तंग कसायचा आणि पुन्हा सगळे उतरवायचे. आजोबांनीही हेच केले. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला, पण तबेल्यात पाऊल टाकणारा तिसरा. त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा थोडाबहुत अधिकार मला आहे असे मी समजतो.

शर्यतीचा घोडा ही एक वेगळीच जात आहे. इंग्रजीत तिला थरोब्रेड म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात पूर्वेकडून काही घोडे नेले गेले. त्यांपैकी बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपर्यंत जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशावळ जाऊन पोहोचते. तीनशे वर्षे माणसाने या वंशात एकच गुण निवडला, तो म्हणजे वेग. त्यात भर म्हणून शिंगरू दीड वर्षाचे झाले की त्याच्या पाठीवर माणूस बसू लागतो, आणि दोन-तीन वर्षांचे झाले की ते मैदानात उतरते. घोड्याच्या पाठीचे मणके पुरते पक्के व्हायला पाच वर्षांच्या वर लागतात. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात मुलगा बालवाडीत जातो, त्या वयात हा कामाला लागलेला असतो.

आणि बहुतेकांचे काम लवकरच संपते. जिंकणारे थोडे वंशवाढीसाठी स्टड फार्मवर जातात. उरलेल्यांपैकी काही रायडिंग स्कूलमध्ये येतात, काही माथेरानसारख्या ठिकाणी, काही लग्नाच्या वरातीत. पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया बग्ग्या होत्या. उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या बेकायदा ठरवल्या. ज्याला कोणीच वळवू शकत नाही तो घोडा दलालाच्या हाती जातो, आणि पुढे हातोहात विकला जातो. बँड आणि फटाक्यांच्या गर्दीत असा बुजरा घोडा, आणि वर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गेल्या वर्षी मे महिन्यात, मुंबईचा हंगाम संपल्यावर, आमच्याकडे असाच एक घोडा आला. वय पाच. रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ. कागदावर त्याचे नाव लांबलचक इंग्रजी होते; अण्णांनी त्याला बादशहा म्हणायला सुरुवात केली. स्वस्तात मिळाला, कारण खोडी फार होत्या. पाठीवर बसू देत नसे. बसलेच तर थांबत नसे. पोटऱ्या अंगाला लागल्या की उसळे आणि तंग कसताना चावायला धावे. स्कूलच्या मालकांनी अण्णांना स्पष्ट सांगितले, "दिवाळीपर्यंत बघू. मुलं बसू शकली तर ठेवू, नाहीतर दलालाला फोन करू." आपल्याकडे म्हण आहे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. अण्णांना ही म्हण मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे, की खोड म्हणण्याआधी ती त्याला कोणी शिकवली हे बघावे.

आता बादशहाच्या खोडी एकेक करून पाहा. आपण शिकाऊ मुलाला घोड्यावर चढवतो ते ओट्यावरून. घोडा ओट्याशेजारी स्तब्ध उभा राहायला हवा. पण रेसकोर्सवर जॉकीची नडगी धरून त्याला वर उचलून देतात, आणि तेही बहुधा घोडा चालत असताना. ओटा म्हणजे काय हे बादशहाने जन्मात पाहिलेले नव्हते. पोटऱ्यांचेही तसेच. जॉकीची रिकीब अगदी आखूड असते. तो खोगिरावर बसतच नाही, उकिडवा तरंगतो, आणि त्याचे पाय घोड्याच्या कुशीला लागत नाहीत. नेहमीचा स्वार मात्र पाय लांब सोडून कुशीला लावूनच बसतो. ज्या जागी कधी कोणाचा स्पर्श झाला नाही तिथे अचानक दोन्ही बाजूंनी दाब आला, तर घोडा पुढे उसळणार नाही तर काय करणार?

सर्वात कठीण गोष्ट लगामाची, आणि ती नीट समजली पाहिजे. तुम्हा-आम्हाला वाटते लगाम ओढला की घोडा थांबतो. शर्यतीच्या घोड्याला याच्या जवळजवळ उलट शिकवलेले असते. जॉकी लगाम आखूड धरून मुठी आयाळीपाशी रोवतो. घोडा तोंडातल्या कडियाळ्यावर आपला भार टाकतो आणि त्या आधारावर लांब ढांगा टाकत पळतो. म्हणजे तोंडात ताण आला की त्याच्या लेखी कामाला सुरुवात झाली. आता यावर नवशिका बसवा. घोडा जरा जोरात निघतो. पोरगा घाबरून लगाम खेचतो. घोडा म्हणतो, आले लक्षात, आणखी जोरात. पोरगा आणखी खेचतो. पुढचे सांगायला नको. बाहेरून बघणारा म्हणतो, घोडा उधळला. वास्तविक घोडा सांगितलेले ऐकत असतो.

अण्णांनी जून महिनाभर त्याच्या पाठीवर कोणालाही बसू दिले नाही. आधी पशुवैद्य आले. पाठ, पाय, दात तपासले. हलके अॅल्युमिनियमचे नाल काढून नालबंदाने साधे लोखंडी ठोकले. चावण्याचे कारण पोटात निघाले. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, पोट रिकामे असले तरी. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच येते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. शर्यतीचा घोडा तेवीस तास खणात उभा, चारा बेताचा आणि ओट-चण्याची चंदी भरपूर. अशा घोड्यांच्या जठरात व्रण फार आढळतात. त्यावर तंग कसला की कळ येणारच. औषध चालू झाले, चंदी हळूहळू कमी केली, वाळले गवत आणि लसूणघास वाढवला, आणि स्वारीआधी दोन मुठी गवत खायला घालायचे ठरले. दुपारी त्याला कुंपणातल्या मैदानात एका म्हाताऱ्या घोडीबरोबर मोकळे सोडू लागलो. पहिले काही दिवस तो कुंपणाकाठाने नुसता धावत राहिला. घोडीने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. आठवड्याने तो तिच्याशेजारी चरू लागला. ऑगस्ट उजाडला तोवर त्याचे चावणे थांबले होते. ज्याला सगळे स्वभाव म्हणत होते ते दुखणे होते.

मग लगाम. त्याची सुरुवात जमिनीवरून. अण्णा त्याच्या खांद्याशी उभे राहून दोन बोटांनी लगामावर अगदी हलका दाब देत आणि थांबत. ओढत नसत. घोडा आधी पुढे रेटायचा. अण्णा तसेच. केव्हातरी कंटाळून तो केसभर मागे यायचा, आणि त्याच क्षणी अण्णांची बोटे उघडत. एवढेच. दिवसाला वीस मिनिटे. मग तेच चालताना. मग लांब दोरावर गोल फिरताना. ऑगस्टमध्ये तेच पाठीवर बसून.

याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला सरांनी स्किनर शिकवला. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असे आमच्यापैकी निम्म्या वर्गाने चाचणीत लिहिले आणि गुण घालवले. मी बरोबर लिहिले, त्याचे श्रेय पुस्तकाला नाही. त्रासदायक गोष्ट काढून घेतल्याने वर्तन बळावते, ते ऋण प्रबलन. अण्णा चौथी शिकलेले. ते म्हणतात, "दाबल्यानं घोडा शिकत नाही, सोडल्यानं शिकतो. सोडायला उशीर केला तर भलतंच शिकतो." मी त्यांना स्किनरविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या सरांना एकदा घेऊन ये. हात कसा आहे त्यांचा, बघू." सरांनी हे हलके घ्यावे.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट तबेल्यात पटली. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. तो टाप आपटून गणिताची उत्तरे देतो अशी त्याची ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिले, की घोड्याला गणित येत नाही. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या अंगात जो नकळत ताण आणि सैलपणा येतो, तो त्याला दिसतो. ही गोष्ट हान्सची फजिती म्हणून सांगतात. मला त्यात घोड्याची हुशारी दिसते. पाठीवरच्या माणसाने श्वास रोखला, मांड्या आवळल्या, तर घोड्याला ते तोंडी सांगावे लागत नाही. म्हणून अण्णा नव्या मुलांना घोड्यावर बसल्यावर आधी गाणे म्हणायला लावतात. गाताना श्वास रोखता येत नाही. गाणी बहुतेक भयंकर असतात. असो.

ओट्याचे काम सर्वात कंटाळवाणे, आणि ते माझ्याकडे होते. सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी बादशहाला ओट्याशी न्यायचे, उभे करायचे, मूठभर चारा द्यायचा, परत आणायचे. पुढच्या आठवड्यात ओट्यावर चढून खोगीर थोपटायचे. मग पोटावर आडवे पडून क्षणभर भार द्यायचा आणि तो पाऊल उचलण्याआधी उतरायचे. मला जुलैअखेरपर्यंत रिकिबीत पाय घालायची परवानगी नव्हती. हा घोडा पहाटे नेहमी इतरांच्या रांगेत तालमीला गेलेला, म्हणून एकट्याने बाहेर जाणे हेही त्याला संकटच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळपास सगळीकडचे दिसते, फक्त बरोब्बर मागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. मागे पिशवी फडफडली तरी तो आधी पळतो आणि मग विचार करतो. म्हणून रस्त्यावर पहिले पंधरा दिवस म्हातारी घोडी पुढे. मग बरोबरीने. मग मागे. मग ती तबेल्यातच.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मालक बघायला आले. तीन वर्षे स्वारी शिकलेली एक मुलगी ओट्यावरून बादशहावर बसली. तो उभा राहिला. सैल लगामावर ती त्याला चालवत, मग दुडक्या चालीने फिरवत राहिली. एकदा झाडावरून कावळे उठले, तसा तो चार पावले उसळला. तिने लगाम ओढला नाही. श्वास सोडला आणि एका बाजूने हलकेच वळवून त्याला वर्तुळात घेतले. तो मंदावला. मालक काही बोलले नाहीत. दलालाला फोन मात्र झाला नाही.

अगदी नवशिक्यांना तो अजून देत नाही, आणि अण्णांच्या मते कदाचित कधीच देऊ नये. उजव्या बाजूचे वर्तुळ तो छान काढतो. डावीकडे मात्र मानेपासून कमरेपर्यंत लाकडासारखा ताठ राहतो आणि खांदा बाहेर टाकतो. सध्या रोज सकाळी डावीकडची मोठी वर्तुळे चालू आहेत, फक्त चालीवर. दुडकीवर केव्हा न्यायचे हे अण्णा ठरवतील.