प्रोटॉनला ब्रेक लावणारं चाक

कॅन्सरवर प्रोटॉनच्या झोताने उपचार करणाऱ्या खारघरच्या केंद्रावर संपादकांनी लिहायला सांगितलं. कांजूरमार्गहून स्लो लोकलने कुर्ला, तिथून हार्बरची पनवेल गाडी. आमच्या उपनगरातल्या पेशंटचाही हाच रस्ता. टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये हे उपचार २०२३ साली सुरू झाले. चेन्नईच्या अपोलोत ते २०१९पासून होते. सरकारी क्षेत्रातलं मात्र हे पहिलं केंद्र. तीन उपचारकक्ष, प्रत्येकात पेशंटभोवती फिरणारी अवाढव्य गँट्री.

मला खिळवून ठेवलं ते या पसाऱ्यातल्या एका लहानशा भागाने. त्याचं नाव डिग्रेडर.

प्रोटॉनना वेग देणारा सुमारे २२० टनांचा सायक्लोट्रॉन त्यांना सोडतो तो एकाच ऊर्जेने, २३० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. वेग प्रकाशाच्या जवळपास साठ टक्के. असा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर आत शिरतो. पण गाठ पावणेआठ सेंटिमीटरवरच असेल तर? सायक्लोट्रॉन आपली ऊर्जा बदलत नाही. म्हणून झोताच्या वाटेत घन पदार्थ आडवा धरायचा, बहुतांशी ग्राफाइट. हाच डिग्रेडर, कमी-जास्त जाडीचं चाक. ते फिरतं, हवी ती जाडी समोर येते आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना ढकलत प्रोटॉन मंदावतात. ऊर्जा शंभरावर उतरली की त्यांची पोच बरोबर तेवढीच, पावणेआठ.

पुढची करामत शरीरात. प्रोटॉन वेगात असतो तोवर फारसं काही देत नाही. जसजसा मंदावतो तसतशी त्याची ऊर्जा जास्त उतरते, आणि थांबण्याआधीच्या काही मिलिमीटरांत सर्वाधिक. कांजूरमार्गच्या फलाटावरून धडधडत जाणारी फास्ट लोकल कुणालाच उतरवत नाही, तसंच हे. अल्फा कणांचं असंच वागणं विल्यम ब्रॅग यांनी १९०४च्या सुमारास दाखवलं. प्रोटॉनच्या या गुणाचा उपचारासाठी उपयोग रॉबर्ट विल्सन यांनी १९४६मध्ये सुचवला. लहान मुलाच्या मणक्याला पाठीमागून शेक (रेडिएशन) देताना क्ष-किरण छाती-पोटातून आरपार जातात. प्रोटॉन मणक्यातच थांबवता येतात. पुढचं हृदय, आतडी बऱ्याच अंशी वाचतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

पण अडचणीही मोठ्या. ऊर्जा सत्तरपर्यंत उतरवायची तर प्रोटॉन इतके विखुरतात की शंभरातला एकही जेमतेम पुढे पोचतो. उरलेले तिथेच अडतात, न्यूट्रॉन उडवतात; म्हणून भोवती काँक्रीटच्या जाडजूड भिंती. त्याहून कठीण प्रश्न अचूकतेचा. सीटी स्कॅनवरून प्रोटॉन किती आत जाईल याचा हिशेब करतात, त्यात तीनेक टक्के इकडेतिकडे होतं. पंधरा सेंटिमीटर खोलीवर ही चूक साडेचार मिलिमीटरची. मेंदूच्या देठाशेजारी तेवढी पुरे. त्यात पेशंट श्वास घेतो, उपचाराच्या आठवड्यांत वजन उतरतं, गाठही आकसते. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी. अगदी लहान मुलांना तर स्थिर ठेवण्यासाठी रोज भूल द्यावी लागते.

आणि एवढ्या मोठ्या देशाला असे कक्ष मोजकेच. प्रत्येक कॅन्सरला प्रोटॉन लागतो असंही नाही. अनेकांना नेहमीचा शेक पुरतो. तेव्हा केवळ नाव ऐकून घर गहाण टाकू नका. पण मूल लहान असेल आणि गाठ मेंदूत किंवा मणक्यात असेल, तर शेक सुरू होण्याआधीच डॉक्टरांना प्रोटॉनबद्दल विचारा आणि फाइल घेऊन खारघर गाठा.