कानोसा : हॉर्न कुठल्या बाजूला वाजला?

ऐकू येण्याचं मशीन कानात नीट कसं बसवायचं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता ते लावून घराबाहेर पडू.

शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, मुंबई-गोवा महामार्गावरचं. इथे रस्त्याच्या कडेला एक आजोबा उभे होते. डाव्या कानात मशीन, उजवा कान मोकळा. हॉर्न वाजला तशी त्यांनी झटकन डावीकडे पाहिलं आणि पाऊल उचललं. डंपर येत होता उजवीकडून! नातीने मनगट धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. मग पाच मिनिटं आजोबा मशीनचा उद्धार करत होते.

मशीनची चूक नव्हती. उजवीकडचा आवाज डाव्या कानाशी किंचित उशिरा पोचतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकाने. शिवाय मध्ये डोकं आडवं आल्यामुळे तो जरा दबतोही. एवढ्याशा फरकावरून मेंदू बाजू ओळखतो. एकाच कानात मशीन असलं की तोच कान वरचढ, मग सगळे हॉर्न त्याच बाजूचे वाटू लागतात. दोन्ही कान अधू असतील आणि खिशाला झेपत असेल, तर दोन मशीन घ्यावीत. तरी रस्ता ओलांडताना भिस्त डोळ्यांवरच ठेवायची. भर वाऱ्यात तर माइकवर नुसती खरखर आदळते, तिच्यात गाडी केव्हाच बुडून जाते.

मिरवणुकीतल्या डीजेसमोर मशीन बंद करून निर्धास्त उभे राहणारेही आहेत. बंद मशीन म्हणजे कानाचं संरक्षण नव्हे. तिथून लांब जाणंच बरं.

कोकणातला पाऊस हा मशीनचा खरा वैरी. भिजलंच, तर ते गॅसजवळ किंवा उन्हात वाळवू नका. सुक्या कापडाने पुसा, सेल काढा, त्याच्या कप्प्याचं झाकण उघडं ठेवा आणि रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात हे रोजचंच काम समजा. आणखी एक : एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी मशीन आठवणीने बाहेर काढून ठेवायचं.

सर्वात जास्त धास्ती मला वाटते ती सेलची. मसुराच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, चकचकीत. रांगत्या नातवाला गोळीच वाटणार. मशीन चालवायला निकामी झालेल्या सेलमध्येही थोडी वीज उरलेली असते, म्हणून जुना सेल उशाशी किंवा देव्हाऱ्यात ठेवू नका. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायच्या फंदात न पडता तडक दवाखाना गाठा. नाकात किंवा कानात घातला असेल तर आजीची तेलाची वाटी लांब ठेवा. थेंब, पाणी, काहीही नको. ओलाव्यात विजेचा प्रवाह सुरू होतो आणि आतली कातडी भाजून निघते.

पुढच्या आठवड्यात : कानातला मळ आणि मशीनची शीळ.